पिसांचा येशू: मेक्सिकोतलं १५३९ सालचं एक चित्र

शिळोप्याचा गडी

बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज टंकून टाकतो. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला ओश नावाचं गाव आहे. तिथल्या म्युझियममध्ये दीड हात उंचीचं एक चित्र आहे. पोप ग्रेगरी वेदीपुढे गुडघे टेकून बसलेत, शेजारी दोघे सहायक, आणि वेदीवरच्या पेटीतून कमरेपर्यंत वर आलेला, जखमांनी भरलेला येशू. त्याच्या मागे निळ्या पार्श्वभूमीवर क्रूस, शिडी, भाला, खांब असं छळाचं सगळं सामान सुटं सुटं मांडलेलं. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, भाकरीचं खरोखरच ख्रिस्ताचं शरीर होतं का, अशी कुणाला तरी शंका आली, ग्रेगरींनी प्रार्थना केली आणि ख्रिस्त स्वतःच वेदीवर प्रकटला, अशी ती कथा. या प्रसंगाचे छापे पंधराव्या शतकात युरोपभर खपत होते. त्यातलाच एखादा समुद्र ओलांडून मेक्सिकोत पोचला आणि तिथल्या कारागिरांपुढे ठेवला गेला. त्यांनी तो उतरवला, पण रंगांनी नाही. हे सगळं चित्र पक्ष्यांच्या पिसांचं आहे.

चौकटीवर लॅटिन मजकूर आहे. त्याचा मतलब असा: पोप तिसरे पॉल यांच्यासाठी, इंडीजमधल्या मेक्सिको या महानगरात, गव्हर्नर दॉन (म्हणजे श्रीमंत, मानाची उपाधी) दिएगो यांच्या अमलात, ब्रदर पेद्रो दे गांते यांच्या देखरेखीखाली, इ. स. १५३९.

आता ही तीन नावं बघा. दॉन दिएगो म्हणजे दिएगो दे आल्वारादो उआनित्सिन, स्पॅनिश आले तेव्हाचा अझ्टेक सम्राट मोक्तेसुमा याचा पुतण्या आणि जावईसुद्धा. १५२१ मध्ये तेनोच्तित्लान ही अझ्टेकांची राजधानी (आजचं मेक्सिको शहर) पडली तेव्हा तो कैदेत गेला, मग ती जिंकणाऱ्या स्पॅनिश सेनानी कोर्तेसने त्याला होंदुरासच्या मोहिमेवर सोबत फरफटत नेलं, आणि इतकं सगळं होऊन १५३८ मध्ये तोच मेक्सिको शहरातल्या मूळ रहिवाशांचा गव्हर्नर झाला. पेद्रो दे गांते हा फ्लँडर्समधल्या (आजच्या बेल्जियममधल्या) घेंटचा फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथातला संन्यासी. १५२३ मध्ये आला तो परत गेलाच नाही. पाद्रीही झाला नाही, शेवटपर्यंत साधा ब्रदर राहिला. सान होसे दे लोस नातुरालेस नावाची त्याची शाळा होती. तिथे लिहिणं, गाणं, चित्रकला, सुतारकाम, भरतकाम असं सगळं शिकवायचे. तिसरे पॉल यांनी १५३७ मध्ये एक फर्मान काढलं होतं, सुब्लिमिस देउस. अमेरिकेतले लोक ही माणसंच आहेत, ख्रिस्ती नसली तरी त्यांचं स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, त्यांना गुलाम करता येणार नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. त्यानंतर दोन वर्षांनी मोक्तेसुमाच्या घरातला माणूस पोपच्या नावे चित्र घडवून घेतो. मी तरी याला पोच म्हणतो. शिवाय, 'आम्ही माणसं आहोत हे तुम्ही म्हणालात, आता आमचा हात बघा' हेही त्यात आहेच.

आणि चौथं नाव? ते नाहीच. ज्यांनी पिसं बसवली त्यांचा उल्लेख कुठेच नाही.

त्यांना अमान्तेका म्हणत, आमान्तलान या वस्तीवरून. हे पिढीजात पिसकाम करणारे लोक. सराफांच्या आणि लांब पल्ल्याच्या व्यापाऱ्यांच्या पंगतीला बसणारे, मानाचे. त्यांचं स्वतःचं दैवत होतं, कोयोटाचं कातडं पांघरलेला कोयोत्लिनाहुआल. मोक्तेसुमाच्या वाड्यात त्याचे खास अमान्तेका असत आणि शेजारी पक्षिगृह. दक्षिणेकडून, ग्वाटेमालाच्या सीमेवरच्या शोकोनोच्को प्रांतातून, पिसांच्या जुड्या आणि पक्ष्यांची अखंड कातडी खंडणीत येत. कोदेक्स मेंदोसा या सोळाव्या शतकातल्या हस्तलिखितात खंडणीची ती पानं चित्रांसकट आहेत. कोकोच्या बिया आणि जग्वारची कातडी यांच्या बरोबरीने पिसं मोजलेली.

काम कसं चालायचं ते आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे. बेर्नार्दिनो दे सहागून या फ्रान्सिस्कनने नाहुआ, म्हणजे अझ्टेकांची भाषा बोलणाऱ्या, विद्यार्थ्यांना हाताशी धरून बारा भागांचा प्रचंड ग्रंथ तयार केला. आज तो फ्लॉरेन्समध्ये आहे म्हणून फ्लॉरेंटाइन कोडेक्स. त्याच्या नवव्या भागात सगळी कृती पायरी पायरीने दिली आहे. आधी चित्रकाराने आकृती काढायची. मग मॅग्वेच्या (आपल्या घायपाताच्या जातकुळीतलं झाड) रुंद पानावर डिंक फासायचा, त्यावर पिंजलेल्या कापसाचा अगदी विरळ थर पसरायचा, वाळला की सोलून काढायचा. हा झाला कापसाचा पारदर्शक पापुद्रा. तो आकृतीवर ठेवून रेघा उतरवायच्या, पाठीला सालीचा कागद चिकटवायचा. पिसं लाकडी पाटावर तांब्याच्या पात्याने कापायची आणि हाडाच्या पट्टीने उचलून बसवायची. तळाला स्वस्तातली, रंगात बुडवलेली पिसं, ही गादी. वर क्वेत्झल, कोटिंगा, हमिंगबर्ड असली मोलाची. गादीचा रंग नीट नसेल तर वरचं पीस मरतं, त्यामुळे खरं कसब तिच्या निवडीत. डिंक ऑर्किडच्या कंदांचा. तो तयार करायचं काम घरातल्या पोरांचं, पिसं रंगवायचं बायकांचं.

गोमारा नावाच्या स्पॅनिश लेखकाने १५५२ मध्ये लिहून ठेवलंय की हे लोक दिवसभर जेवणखाण विसरून एकच पीस लावतात, काढतात, परत लावतात. उन्हात बघतात, सावलीत बघतात, या बाजूने, त्या बाजूने. त्यातली ऊन-सावली मला फार महत्त्वाची वाटते, कारण पिसाचा अर्थच तिथे होता. नाहुआ लोकांच्या लेखी झळाळी ही देवत्वाची खूण. वित्झिलोपोच्त्ली हा त्यांचा युद्धाचा देव. त्याची आई कोआत्लिकुए कोआतेपेक डोंगरावर झाडत असताना पिसांचा एक गोळा वरून पडला, तिने तो कमरेशी खोचला आणि त्यातून तिला दिवस गेले. रणात पडलेले वीर चार वर्षं सूर्याची सोबत करायचे आणि मग हमिंगबर्ड होऊन फुलांतला मध प्यायचे. देवाच्या मूर्तीला किंवा देव म्हणून उभ्या केलेल्या माणसाला पिसांचा साज चढवला की देव तिथे हजर झाला असं मानलं जाई. साज म्हणजे नुसता शृंगार नव्हे.

आता परत ओशच्या चित्राकडे या. कथेचा विषय काय? समोरच्या वस्तूत देव खरोखर हजर आहे का, हा. आणि ही कथा ज्या वस्तूने मांडलीय, ती नाहुआ माणसाच्या दृष्टीने देवाला हजर करणारीच वस्तू आहे. पाद्र्यांनी विषय निवडला तो मिस्सेचं रहस्य शिकवायला. अमान्तेकांनी तो त्यांच्या परीने आधीच सोडवलेला होता. मला यात छुपं बंड वगैरे दिसत नाही. 'वेदीच्या मागे जुना देव लपवला' या धाटणीच्या गोष्टी ऐकायला झकास असतात, पण इथे लपवलेलं काहीच नाही. सगळं पोपच्या डोळ्यांपुढे धरायला केलेलं, आणि तरीही दोन वेगळ्या माणसांना त्यात दोन वेगळ्या गोष्टी पूर्ण प्रामाणिकपणे दिसू शकतात.

---

निखट्टू

वाखु (वाचनखूण) साठवली आहे. रात्री निवांत परत वाचतो. एक बाळबोध प्रश्न: पाचशे वर्षांत पिसं उडून कशी गेली नाहीत? आमच्याकडे देवघरातलं मोरपीस दोन पावसाळ्यांत झडतं.

---

पक्षीवाला

निखट्टू, झडतं ते किडीमुळे आणि दमटपणामुळे. रंगाचा मामला वेगळा.

मोरपिसात निळं-हिरवं रंगद्रव्य नसतंच. पिसाची अतिसूक्ष्म रचनाच अशी की प्रकाशातला तेवढाच भाग परत फिरतो. पीस कुटून पूड करा, निळा रंग गायब होऊन काळपट तपकिरी भुकटी उरेल. हमिंगबर्ड आणि क्वेत्झल याच पंथातले. कोन बदलला की रंग बदलतो. कोटिंगाचं निळंही रचनेतूनच येतं, पण ते सगळीकडून साधारण तसंच दिसतं, म्हणून पार्श्वभूमीला उत्तम. या मंडळींचा रंग रचना शाबूत आहे तोवर टिकतो. उलट गुलाबी चमच्या पक्ष्याचा गुलाबी हा खाण्यातून आलेल्या रंगद्रव्याचा, तो उजेडाने फिका पडतो. त्यामुळे जुन्या पिसचित्रांत निळं-हिरवं अजून दमदार आणि गुलाबी मात्र विटलेलं असं दिसलं तर नवल नको.

गडीभाऊंनी उन्हात-सावलीत बघण्याचं लिहिलंय ते या अंगाने वाचा. रंगाची डबी उघडली की लाल तो लालच. हमिंगबर्डच्या गळ्याचं पीस लावताना ते कुठल्या कोनात पेटतं आणि कुठे काळं पडतं हे लावणाऱ्यालाच ठरवावं लागतं. चित्रापुढे मेणबत्ती हलली की येशूचा चेहरा हललाच.

हमिंगबर्डचंच आणखी एक. थंडीत रात्री हा पक्षी शरीराचं तापमान पार खाली आणतो, श्वास जेमतेम, हातात घेतला तर मेलेलाच वाटेल. ऊन लागलं की तासाभरात उडतो. मेक्सिकोत समज असा की तो कोरड्या महिन्यांत झाडाला चिकटून मरतो आणि पावसाबरोबर जिवंत होतो. मोतोलिनिआ या फ्रान्सिस्कनने हे लिहून ठेवलंय आणि थेट पुनरुत्थानाच्या शिकवणुकीला जोडलंय: देव एवढ्याशा पाखराला उठवतो तर तुम्हाला का नाही? म्हणजे त्या पिसाचा जुना अर्थ पाद्र्यांनी पुसला तर नाहीच, उचलून प्रवचनात वापरला.

(अवांतर: मोक्तेसुमाच्या आधीचा राजा आवित्सोत्ल याने लांब शेपटीचा ग्रॅकल हा काळा चकचकीत पक्षी किनाऱ्याकडून आणवून राजधानीत सोडला होता, त्याला मारायला बंदी होती. सहागूनकडेच नोंद आहे. माणसाने मुद्दाम पक्षी नव्या मुलखात वसवल्याच्या जुन्या नोंदींपैकी ही एक.)

---

तर्कट

धागा छान, माहिती उत्तम, पण निष्कर्षाला माझा आक्षेप आहे.

१५३९ म्हणालात ना? त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला मेक्सिको शहरात शेजारच्या तेस्कोको राज्याच्या दॉन कार्लोसला जाळलं. नेसावालपिल्ली राजाचा मुलगा, बाप्तिस्मा झालेला. आरोप काय, तर जुन्या देवांकडे ओढा आणि पाद्र्यांविरुद्ध बोलणं. खटला चालवणारा बिशप सुमारागा, तोही फ्रान्सिस्कनच. म्हणजे एका हाताने पिसांचा येशू पोपला आणि दुसऱ्या हाताने चिता. अशा गावात बसून अमान्तेका 'पूर्ण प्रामाणिकपणे' काय बघत होते हे आपण कोण सांगणार? ज्याला नकार द्यायची सोय नाही त्याच्या कामात प्रामाणिकपणा शोधणं मला जरा आरामखुर्चीतलं वाटतं. आणि कारागिराचं नाव नसणं हे तुम्ही एका ओळीत उरकलंत, माझ्या मते धागा तिथेच सुरू व्हायला हवा होता.

---

शिळोप्याचा गडी

तर्कट, दॉन कार्लोसचा मुद्दा एकदम रास्त, तो मूळ लेखात यायला हवा असा आहे. उआनित्सिनला ती चिता लांबची वाटली असण्याचं काही कारण नाही. राजघराण्यातलाच माणूस जळत होता. चित्र आणि चिता एकाच वर्षात धरली की चित्राच्या मजकुरातला 'गव्हर्नर दिएगो' हा शब्दप्रयोग आणखी सावध वाटायला लागतो. मी भरवशाचा ख्रिस्ती आहे, माझी गादी मला राहू द्या, असंही ते पत्र आहे.

पण जबरदस्तीच्या छायेत केलेल्या कामात कारागिराचं स्वतःचं काही नसतंच, हे मला पटत नाही. मेक्सिको शहरातल्या म्युझियममध्ये पिसांचं एक गोल झाकण आहे, मिस्सेच्या प्याल्यावर ठेवायचं, सोळाव्या शतकातलं. त्यावर भोवऱ्यासारखं फिरणारं पाणी आहे, अगदी जुन्या हस्तलिखितांत काढत त्या वळणाचं. प्याल्यात ख्रिस्ताचं रक्त, वर झाकणावर ते पाणी. हे कुठल्या युरोपीय छाप्यातून उतरवलेलं नाही. हात स्वतःच्या सवयीने चालला आणि कुणी अडवलं नाही. याला बंड म्हणू नका, गुलामीही म्हणू नका. मग काय म्हणायचं यावर आपण दोघं भांडत राहू.

ओशच्या चित्रातल्या त्या सुट्या सामानाचंही तसंच. शिडी, भाला, खिळे हे युरोपातही सुटंच काढत. पण ज्या समाजात चित्रांनीच लिहायचे, तिथल्या वाचकाला ते ओळीने वाचायच्या खुणांसारखंच दिसलं असणार.

---

माईची लेक

मी कलेतली नाही, पण 'देवाचं शरीर खाणं' यावर राहवलं नाही म्हणून लिहिते. या लोकांमध्ये देवाची मूर्ती राजगिऱ्याच्या पिठाची करायचे ना? वित्झिलोपोच्त्लीची मूर्ती पीठ आणि मध कालवून करायची, सणाला मोडायची आणि वाटून खायची. राजगिरा मूळचा तिकडचाच, मग आपल्याकडे आला आणि आता आपल्या उपवासाला चालतो! मेक्सिकोत अजून राजगिऱ्याच्या लाह्या मधात किंवा पाकात घोळून वड्या करतात. आमच्या माईच्या एकादशीच्या लाडवात आणि त्यात काडीचा फरक नाही.

मुद्दा हा की ग्रेगरीच्या मिस्सेची गोष्ट ऐकून तिथल्या माणसाला 'भाकरीचा देव' हे विचित्र वाटायचं काही कारणच नव्हतं.

---

शिळोप्याचा गडी

ताई, शंभर टक्के. आणि हे साम्य पाद्र्यांच्याही लक्षात आलं होतं, त्याची त्यांना चांगलीच धास्ती होती. काहींना ती सैतानाने केलेली मिस्सेची नक्कल वाटे. पिसं मात्र त्या संशयातून सुटली. पीठ वेदीवर येऊ शकत नव्हतं, पीस आलं. याचं कारण मला असं वाटतं की पिसाची झळाळी युरोपीय डोळ्यालाही लगेच कळत होती. सोन्याची पार्श्वभूमी आणि रंगीत काचा बघून तयार झालेला डोळा तो.

---

बार्देसकार

गोंयांतून नमस्कार. इथली जोडगोळी आठवली ती हस्तिदंताची. सतराव्या शतकात गोव्यात हस्तिदंताचे 'बॉम पास्तोर' म्हणजे मेंढपाळ बालयेशू घडवले जात. डोंगराच्या उतरंडीवर बसलेला पोरगा, डोळे मिटलेले, गाल हाताला टेकलेला, मांडीवर नि खांद्यावर कोकरं, खाली झरा आणि पाणी पिणारे प्राणी. युरोपात या बैठकीचा मेंढपाळ सापडत नाही. कुणी त्यात बुद्ध बघतो, कुणी गाई राखणारा कृष्ण.

फरक असा की मेक्सिकोत कारागिरांना बाप्तिस्मा देऊन मठाच्या आवारात शिकवलं. गोव्यात सोनार आणि कोरीवकाम करणारे बरेचसे हिंदूच राहिले आणि चर्चचं काम करत राहिले. १५६७ च्या प्रांतिक परिषदेने ख्रिस्ती पूजेच्या वस्तू हिंदू कारागिरांकडून करवून घ्यायला बंदी घातली. ती कितपत पाळली ते जुन्या गोव्यातल्या ख्रिश्चन आर्ट म्युझियममध्ये एक फेरी मारली की कळतं! नावं तिथेही नाहीत, तर्कटबाब. पोर्तुगीज कागदांत मापं सापडतात, वजनं सापडतात, पैसे सापडतात.

---

वसईची वेस

धाग्यात वसईची पताका लावून जाते, थोडं विषयांतर चालवून घ्या.

आमचे संत गोन्सालो गार्सिया वसईचे. मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत त्यांना क्रूसावर मारलं. त्या २६ जणांत मेक्सिको शहरात जन्मलेले फेलिपे दे हेसूस पण होते. मनिलाहून आकापुल्कोला निघालेलं त्यांचं जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलं आणि ते अडकले. दोघांची फ्रान्सिस्कन शाखा एकच, तिचं नाव सान ग्रेगोरिओ, म्हणजे या चित्रातलेच पोप ग्रेगरी!

मेक्सिकोत कुएर्नावाकाच्या कॅथेड्रलमध्ये, जो आधी फ्रान्सिस्कनांचा मठ होता, या नागासाकीच्या हुतात्म्यांची भली मोठी भित्तिचित्रं आहेत, सतराव्या शतकातली. चुन्याखाली गेली होती, विसाव्या शतकात दुरुस्ती करताना निघाली. म्हणजे वसईचा माणूस मेक्सिकोच्या भिंतीवर. गासला आमच्याकडे त्यांच्या नावाचं चर्च आहे, सणाला या.

---

निखट्टू

हे भारी आहे. धाग्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली.

आता खरा प्रश्न: युरोपातल्या लोकांना यातलं काय कळत होतं? की 'जंगली लोकांनी काय गंमत केलीय' एवढंच?

---

शिळोप्याचा गडी

दोन्ही प्रकारचे लोक होते. जर्मन चित्रकार ड्यूररने १५२० मध्ये ब्रुसेल्सला कोर्तेसने पाठवलेला नजराणा पाहिला आणि रोजनिशीत लिहिलं की आयुष्यात इतकं मन हरखून टाकणारं काही पाहिलं नव्हतं. दूरदेशच्या माणसांच्या सूक्ष्म बुद्धीचं त्याला नवल वाटलं. स्वतः सोनाराचा मुलगा, हात ओळखणारच.

आणि एक किस्सा आकोस्ता या जेझुइटाने १५९० च्या आपल्या ग्रंथात दिलाय. पोप पाचव्या सिक्स्टस यांना संत फ्रान्सिसचं एक पिसचित्र नजर केलं. हे पिसांचं आहे असं सांगितल्यावर त्यांचा विश्वासच बसेना. त्यांनी बोटं फिरवून पाहिली, पीस की रंग ते. इतकं सपाट बसवलेलं की डोळ्याला कळत नव्हतं. त्याच आकोस्ताने लिहिलंय की राजपुत्र फेलिपेला त्याच्या शिक्षकाने प्रार्थनेच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवायला पिसांची तीन छोटी चित्रं दिली, आणि त्याचे वडील, राजे दुसरे फेलिपे, ती पाहून म्हणाले की एवढ्या लहान कामात याहून सरस काही पाहिलं नाही.

मजा बघा. अमान्तेका ज्या गोष्टीला किंमत देत होते ती झळाळी, हलणारा प्रकाश. पोपना कौतुक कशाचं? पीस पिसासारखं दिसत नाही याचं! त्या बोटांनी पिसांचं किती नुकसान केलं असेल हा विचार पक्षीवाल्यांनी करावा.

बिशपांच्या डोक्यावरही पिसं चढली. पिसकामाचे मायटर, म्हणजे ते उभे टोकदार मुकुट, मेक्सिकोहून युरोपात गेले. एक मिलानला, एक फ्लॉरेन्सला, एक स्पेनच्या एस्कोरियालमध्ये आहे. पूर्वी पिसांचा मुकुट देवाच्या नि राजाच्या डोक्यावर असायचा, तो आता बिशपच्या. हे त्या काळच्या मेक्सिकोत कुणाच्याच लक्षात आलं नसेल हे मला अशक्य वाटतं.

---

दानूबकाठ

व्हिएन्नात शिकायला आहे, म्हणून दोन पैसे टाकते. इथल्या वेल्टम्युझियममध्ये तो प्रसिद्ध पिसमुकुट आहे, ज्याला सगळे मोक्तेसुमाचा म्हणतात. त्याने तो घातला होता याला पुरावा नाही. १५९६ च्या आम्ब्रास किल्ल्याच्या यादीत तो 'मूर लोकांची टोपी' म्हणून नोंदवलाय! एकोणिसाव्या शतकात होखस्टेटर या शास्त्रज्ञाने पेटाऱ्यातून शोधून काढला. मेक्सिको तो परत मागतंय आणि ऑस्ट्रियाचं म्हणणं की प्रवासातल्या हादऱ्यांनी पिसं तुटतील. खोली मुद्दाम अंधारी ठेवलीय. समोर उभं राहून डोकं थोडं डावी-उजवीकडे हलवलं की क्वेत्झलची लांब पिसं हिरव्यातून निळसर सोनेरी होत जातात. पक्षीवाले म्हणाले ते प्रत्यक्ष बघायला मिळतं. बाजूला सगळे उभे राहून मान हलवत असतात, लांबून बघणाऱ्याला वेड्यांचं इस्पितळ वाटेल.

आणि तर्कट, तुमच्यासाठी: व्हिएन्नाच्याच कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियमच्या संग्रहात पिसांची दोन छोटी चित्रं आहेत, एक येशूचं आणि एक मरियेचं. सोळाव्या शतकाच्या अखेरची, पश्चिम मेक्सिकोतल्या मिचोआकानमधली. त्यातल्या कारागिराने नाव घातलंय: हुआन बाउतिस्ता. पूर्ण नाव हुआन बाउतिस्ता कुइरिस असं देतात, पुरेपेचा समाजातला. म्हणजे निदान एकाने तरी 'हे मी केलं' असं लॅटिनमध्ये लिहून ठेवलं.

---

तर्कट

हे माहीत नव्हतं, धन्यवाद दानूबकाठ. १५३९ ला राजाचं नाव, ब्रदरचं नाव, पोपचं नाव. शतक संपताना कारागिराचं. मध्ये काय बदललं? आणि मग ही कला बसली कशाने? पाद्र्यांना आवडत होती, पोपना आवडत होती, राजाला आवडत होती, तरी?

---

शिळोप्याचा गडी

बसली ती आवडनिवड बदलली म्हणून कमी आणि माणसं मेली म्हणून जास्त. १५४५ ची साथ आणि १५७६ ची साथ, दोन्हींनी मध्य मेक्सिको अक्षरशः रिकामं केलं. सहागूनचा तो ग्रंथ त्लातेलोल्कोत पुरा होत होता तेव्हा दुसरी साथ चालूच होती. ज्यांनी अमान्तेकांची कृती लिहून घेतली त्या विद्यार्थ्यांच्या आजूबाजूलाच अमान्तेका मरत होते. त्या पानांकडे मी तरी आता नुसतं 'कृती' म्हणून बघू शकत नाही.

दुसरं, कच्चा माल. क्वेत्झल आणि कोटिंगा दक्षिणेचे. खंडणीची व्यवस्था मोडली, लांब पल्ल्याचे व्यापारी मोडले, मग पिसं कुठून येणार? तिसरं, युरोपातून आलेले चित्रकार. १५५७ मध्ये मेक्सिको शहरात चित्रकारांच्या संघटनेचे नियम झाले आणि चर्चच्या कामात तैलरंग हाच मुख्य धंदा झाला. तैलचित्राला गादी लागत नाही, पोरांनी कुटलेला डिंक लागत नाही, शंभर पक्षी लागत नाहीत.

मिचोआकानात, पात्स्कुआरो सरोवराच्या भागात मात्र हे काम बरंच पुढे चाललं. बिशप वास्को दे किरोगाने तिथे हस्तकलांना जो आसरा दिला त्याचा वाटा त्यात आहे. हुआन बाउतिस्ता त्याच मुलखातला. नाव घालायची हिंमत कुठून आली? युरोपीय चित्रकार आपापल्या कामावर सही करतात हे तोवर सगळ्यांनी पाहिलेलं होतं, आणि परदेशी संग्राहकांना नावाची वस्तू हवी असे. बाजार आला की सही येते. तुम्हाला यात पुन्हा गुलामी दिसेल, दिसू दे. मला त्याच्या सहीतल्या 'मे फेसित' ('मला याने घडवलं') या दोन लॅटिन शब्दांत अमान्तेकाचा तोरा दिसतो, उन्हात धरून बघण्यातला.

---

पक्षीवाला

सिक्स्टस महाराजांच्या बोटांबद्दल विचारलंत म्हणून: पिसाच्या दांड्याला फाटे असतात, फाट्यांना आणखी बारीक आकडे. ते आकडे एकमेकांत अडकलेले असतात म्हणून पीस सलग दिसतं. चुकीच्या दिशेने बोट फिरवलं की सुटतात. जिवंत पक्षी चोचीने परत जुळवतो. चित्रातल्या पिसाला चोच नाही. त्यात हाताचं तेल लागलं की धूळ धरते, आणि युरोपातल्या वाड्यांत कसर, झुरळं होतीच. जी पिसचित्रं टिकली ती बहुतेक करून कुणी फारशी बाहेर न काढता पेटीत, कपाटात ठेवलेली. देवघराबाहेर पडलेली बरीचशी संपली.

निखट्टू, तुझं मोरपीस कापूर घातलेल्या डबीत ठेव. आणि पुसू नकोस, फुंकर मार, तीही मुळाकडून टोकाकडे.